तुंगा गाभण राहिना

आमच्या लातूरच्या फ्लॅटसमोर एक मंगल कार्यालय आहे आणि ते बंद पडावं अशी माझी फार दिवसांची इच्छा आहे. डीजेचं मला विशेष काही नाही. कानातलं यंत्र काढून टेबलावर ठेवलं की डीजे निम्म्यावर येतो. माझं भांडण आहे ते घोडीवाल्यांशी. लग्नसराईत रोज संध्याकाळी एक घोडी माझ्या खिडकीखाली येऊन उभी राहते. डोक्यावर तुरा, पाठीवर जरीची झूल आणि वर घामेजलेला एक नवरदेव. मी जिना उतरून खाली जाते आणि लगाम धरलेल्या माणसाला विचारते, हिचं वय काय, हिला शिंगरं किती झाली. तो माझ्याकडं बघत राहतो. पांढऱ्या केसांची, चष्मा लावलेली, पायात चपला न घालताच खाली आलेली बाई. "शिंगरू कशाला मॅडम," तो म्हणतो, "सीझन जातोय की." मग मी विचारते की ही माजावर आली म्हणजे तुम्ही काय करता, आणि तो मान फिरवतो. मी शाळेत तीस वर्षं विज्ञान शिकवलंय. पुनरुत्पादनाचा धडा बाकीचे शिक्षक "घरी वाचून या" म्हणून सोडून द्यायचे, मी त्याचे चार तास घ्यायचे. मला लाजायचं काही कारण नाही. सुनेला मात्र लाज वाटते. ती वरून हाका मारते आणि उत्तर मिळाल्याशिवाय मी वर जात नाही. हे खूळ माझ्या डोक्यात कुठून आलं ते एकदा लिहून टाकायचं ठरवलंय.

उदगीरला मोंढ्याच्या, म्हणजे धान्यबाजाराच्या, मागच्या गल्लीत आमचं घर होतं. पुढं अप्पांचं आडतीचं दुकान, मधल्या दोन खोल्यांत आम्ही, मागं अंगण आणि अंगणाच्या टोकाला घोडीची पागा. पागा म्हणजे काय, दगडी भिंतींची एक लांबट खोली, वर पत्रे, खाली फरशी. अप्पा तिला पागा म्हणायचे म्हणून आम्हीही म्हणायचो. सकाळचा पहिला आवाज तिथून यायचा. तुंगा पुढचा पाय फरशीवर आपटायची, जरा थांबून पुन्हा आपटायची. तिला भिजवलेले हरभरे हवे असायचे. त्या वेळी अप्पा पूजेला बसलेले असत. कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, डाव्या तळहातावर लिंग, आणि घरात कुणी बोलायचं नाही. हातातून भांडं निसटलं तर अव्वा आधी त्यांच्या पाठीकडं बघायची, मग भांड्याकडं. आईला आम्ही अव्वा म्हणतो आणि बापाला अप्पा; सीमेवरची माणसं आम्ही, निम्मं कानडी तोंडात असतंच. पूजा उरकली की अप्पा थेट पागेत जायचे. हरभरे स्वतःच्या हातानं चारायचे, मानेवरून हात फिरवायचे, कानडीत काहीबाही लाडाचं बोलायचे. मग चहाला आत यायचे तेव्हा सगळे लाड पागेत संपवून आलेले असायचे. जेवण मात्र त्या घरात फार चांगलं असायचं, हे कबूल करायला हवं. अव्वाच्या पातळ भाकरी, लसूण घालून कुटलेली शेंगांची चटणी, सणावाराला गव्हाची हुग्गी. अप्पांनी ताट सरकवू नये म्हणून ती जीव ओतून रांधायची आणि त्याचा फायदा आम्हाला मिळायचा.

घरात चौथी होती आत्या, अप्पांची थोरली बहीण. तिला देगलूरला दिली होती. पाच वर्षांत मूल झालं नाही म्हणून नवऱ्यानं तिला एका ट्रंकेसकट उदगीरच्या बसमध्ये बसवून दिलं आणि दुसरी केली. तेव्हापासून ती आमच्याकडं. तिला खोली नव्हती. ती स्वयंपाकघरात चुलीशेजारी झोपायची आणि तिची ट्रंक ज्वारीच्या पोत्यांमागं असायची. आत्याची जीभ विळीसारखी होती आणि ती सगळ्यात जास्त चालायची घोडीवर. तुंगाला ती महाराणी म्हणायची. "महारानीला हरभरं भिजवून, आन् हितं मान्सास्नी डाळ मोजून," असं ती अप्पांना ऐकू जाईल इतक्याच आवाजात म्हणायची. अप्पा तिला उलटून बोलत नसत, ती थोरली होती. त्याचं उट्टं ते अव्वावर काढायचे.

तुंगा तांबडी होती. कपाळावर पांढरा टिळा, चारी पाय खाली पांढरे. अशा घोडीला पंचकल्याणी म्हणतात आणि नवरदेवासाठी ती शुभ समजतात. आमच्या समाजातला उदगीरचा प्रत्येक नवरदेव तुंगावर बसून मांडवात जायचा. तिचा लगाम अप्पा दुसऱ्या कुणाच्या हातात देत नसत. पांढरंशुभ्र धोतर, केशरी फेटा, आणि सगळ्या बाजारानं आपल्याकडं बघावं अशी चाल. नवरदेव राहायचा बाजूला. मी लहान असताना मला ते दृश्य आवडायचं, हेही लिहून ठेवते.

मी सातवीत असताना मोंढ्यातल्या एका बड्या आडत्याच्या मुलाचं लग्न निघालं. लातूरहून बँड आणला होता आणि बँडपुढं नाचायला एक घोडा. दिवस चैत्राचे, तुंगा नेमकी माजावर आलेली. घोड्याचा वास लागल्याबरोबर ती भर रस्त्यात थांबली, किंचाळली, शेपूट बाजूला घेतली, मागचे पाय फाकवले आणि मागं चालणाऱ्या वरमाईच्या नव्या शालूवर मुतली. नवरदेव एका बाजूला घसरला, बाशिंग नाकावर आलं. आधी बँडवाले हसले, मग सगळा रस्ता हसला. लोकांसमोर अप्पाही हसले. घरी आल्यावर त्यांनी तुंगाला खुंट्याला बांधून चाबकानं फोडून काढली, आणि "जनावर हाय ते, त्याला काय कळतंय," एवढंच बोलल्याबद्दल अव्वालाही मारलं. वरमाईचा शालू मग वर्षभर मोंढ्यात फिरत होता. अप्पा दुकानात बसले की कुणीतरी विचारायचं, "काय अप्पा, शालू वाळला का?"

त्या वर्षी हिवाळ्यात माळेगावच्या जत्रेहून अप्पा खुशीत परत आले. घोड्यांच्या कुणा व्यापाऱ्यानं त्यांना माजावरचा उपाय सांगितला होता म्हणे. काय उपाय ते आम्हाला सांगितलं नाही, आणि अप्पांना विचारायची पद्धत आमच्यात नव्हती. पुढच्या लग्नसराईत तुंगा जराशी शांत वाटली. मधूनच किंचाळायची, नाही असं नाही, पण अप्पा म्हणायचे, उतरेल हळूहळू.

आणि त्याच दिवसांत त्यांनी मला शब्द दिला. मला नांदेडला शिकायला जायचं होतं. अव्वाची बहीण, माझी मावशी, नांदेडला राहायची. तिची मुलगी एकदा आमच्याकडं आली होती. हातात घड्याळ, दोन वेण्या, आणि येताना ती एसटीच्या कंडक्टरशी भांडून जिंकून आली होती. बाईमाणूस भांडून जिंकू शकतं हे मी तोवर पाहिलेलं नव्हतं. मला तेच शिकायचं होतं. त्याला विज्ञान म्हणतात की काय म्हणतात ते मला माहीत नव्हतं. उदगीरला कॉलेज होतं, पण तिथं जायचं म्हणजे रोज मोंढ्यातून जायचं. स्वतःकडं बघून घ्यायची एवढी हौस असलेल्या माणसाला पोरीकडं कुणी बघितलेलं चालत नव्हतं. मी हट्ट धरला, चार वेळा जेवले नाही. शेवटी अप्पा पागेच्या दारात उभं राहून म्हणाले, "तुंगाला शिंगरू होऊ दे. पंचकल्यानीचं शिंगरू हाय, त्याच्यावर तुझं सगळं शिक्षान व्हतंय. तुझ्या धाव्वीपतुर व्यायली की तू नांदेडला. न्हाई व्यायली तर तुझं नशीब." मी आठवीत होते. तीन मोसम हातात होते. मला ते फार झाले असं वाटलं होतं.

उमरीला अप्पांच्या नात्यातल्या एका शेतकऱ्याकडं घोडा होता. लग्नं संपत आली की अप्पा तुंगाला ट्रकमध्ये घालून तिकडं न्यायचे आणि दोन दिवसांनी आणायचे. मग आम्ही थांबायचो. अव्वा रोज तिच्या पोटाकडं बघायची, मी रोज बघायचे. महिन्याभरानं तुंगा पुन्हा किंचाळायची आणि घरात सगळ्यांना कळायचं की राहिली नाही. पहिल्या वर्षी त्याचं कुणी फार मनावर घेतलं नाही. दुसऱ्या वर्षी मात्र सल्ले सुरू झाले. मोंढ्यातल्या एका म्हाताऱ्यानं खोगिराखाली वाईट जागी केसांचा भोवरा शोधून काढला. कुणी म्हणालं, अंगात उष्णता आहे, तर तिला गूळ बंद झाला; कुणी म्हणालं, अंगात थंडी आहे, तर तुपातली मेथी सुरू झाली आणि ती इतकी सुटली की खोगिराचा तंग पुरेना. मठातला अंगारा झाला. आत्या येता-जाता तिला वांझ म्हणू लागली. स्वतःच्या अंगावर बसलेला शब्द ती दुसऱ्याच्या अंगावर इतक्या जोरानं का फेकते हे मला तेव्हा कळायचं नाही.

मग एका संध्याकाळी जेवताना अप्पांनी कारण सांगितलं. माझ्याकडं न बघता अव्वाला म्हणाले, "ही अडचणीत असताना पागंत जाती. हिची सावली पडती जनावरावर. कशी राहील घोडी?" मला तेव्हा नुकती पाळी सुरू झाली होती. अव्वाचा हात ताटातच थांबला. आत्या म्हणाली, "असंल बाई." दुसऱ्या दिवसापासून माझी पागा बंद.

ते वर्ष मी कसं काढलं हे मी माझ्या नवऱ्यालाही कधी नीट सांगितलं नाही. मला ते खरं वाटलं होतं. मी अंगणात जाताना उन्हाची दिशा बघायचे, माझी सावली पागेकडं पडत असली तर भिंतीला चिकटून उलट्या बाजूनं जायचे. तुंगा माझी चाहूल लागली की पाय आपटायची. मी कानांवर हात ठेवायचे. मी चौदा-पंधरा वर्षांची होते आणि माझं नांदेड मीच बुडवतेय अशी माझी खात्री झाली होती. आजही दुपारी रस्त्यानं जाताना माझी सावली एखाद्या गाईवर, कुत्र्यावर पडली की मी पाऊल मागं घेते. विज्ञानाची शिक्षिका. मग स्वतःवर चिडते आणि मुद्दाम तिथंच उभी राहते.

दहावीला मला पहिला वर्ग मिळाला. गुणपत्रिका अप्पांनी दुकानात चार लोकांना दाखवली आणि घरी येऊन म्हणाले, "तुंगा आत्ताच उमरीहून आलीय. राहिली तर बगू. न्हाईतर निलंग्याचं स्थळ आलंय, पोराचं कापडाचं दुकान हाय." पुढच्याच आठवड्यात तुंगा किंचाळली. अव्वा चुलीपुढं बसून राहिली, तवा तापून लाल झाला तरी तिनं भाकरी टाकली नाही.

त्या दिवशी अप्पा कामाला लातूरला गेले होते. मी कुणाला न सांगता गुरांच्या दवाखान्यात गेले. तिथं नवीन डॉक्टर आले होते, तरुण, बाहेरच्या गावचे. त्यांनी विचारलं, काय होतंय. मी म्हणाले, अप्पांची घोडी. घोडीला काय होतंय?  मी खाली बघून म्हणाले, "राहत नाही." ते हसले नाहीत. त्यांनी एकेक विचारायला सुरुवात केली. वय काय, खायला काय देता, अंग जास्त सुटलंय का, मागून काही घाण जाते का, ऐन माजाच्या कितव्या दिवशी नेता, नेऊन आणल्यावर लगेच वरातीत उभी करता का. मला निम्म्याची उत्तरं येत नव्हती. मी विचारलं, "सावलीनं होतं का?"

"कुणाच्या सावलीनं?"

"माझ्या."

त्यांनी लिहिणं थांबवलं. मग म्हणाले, "सावलीला पिशवीपर्यंत जायला वाट नसते, बाळ. चल, घोडी बघू."

अंगणात आत्या होती, अव्वा होती, आणि योगायोगानं खाजाचाचा आले होते. खाजाचाचा म्हणजे आमचे नालबंद. तुंगाचे नाल तेच बदलायचे आणि घोड्यांची बाळंतपणंही त्यांना यायची. डॉक्टरांना बघून ते का कोण जाणे, एकदम गप्प झाले. डॉक्टरांनी आत्याला विचारलं, "घोडा तपासलाय का कुणी?"

"घोड्याला कोन तपासतंय?" आत्या म्हणाली. "राहत ही न्हाई. वांझ हाय ही."

"आधी घोडाच तपासायचा असतो, आजी. कितीतरी वेळा दोष त्याच्यात असतो आणि नाव घोडीचं होतं."

आत्यानं यावर काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं. तिला गप्प झालेली मी पहिल्यांदा पाहिली.

खाजाचाचांनी तुंगाचा ओठ फासात धरला, डॉक्टरांनी शेपूट दोरीनं बाजूला बांधली, बादलीत साबण विरघळवला आणि कोपरापर्यंत, मग खांद्यापर्यंत हात आत घातला. मी पागेच्या दारात उभी होते, वर्षभरानं. डॉक्टरांचा चेहरा आधी कंटाळलेला होता, मग त्यांच्या कपाळावर आठी पडली. त्यांनी हात काढला, धुतला, पुन्हा घातला. "पिशवीत काहीतरी आहे," ते म्हणाले. "गाठ नाही. गाठ अशी फिरत नाही." माजावर होती म्हणून पिशवीचं तोंड सैल होतं, नाहीतर ते निघालं नसतं, असं त्यांनी नंतर सांगितलं. बराच वेळ ते घामाघूम होऊन धडपडत होते. मग त्यांचा हात बाहेर आला, त्यामागं पिवळी घाण आली, तिचा वास सगळ्या अंगणात पसरला, आणि त्यांनी मूठ बादलीत बुडवून उघडली. हिरव्या काचेची एक गोटी होती, लिंबाएवढी.

"ही कुणी घातली?"

 खाजाचाचा फास सोडून खाली बसले आणि त्यांनी दोन्ही हात कानांना लावले. "मी घातली साहेब. अप्पानीच आणली होती जत्रंतून. पिशवीत गोटी असली की घोडीला वाटतंय आपुन गाभण हाय, मग माज करत नै म्हणं. म्हणले, औंदाची लग्नं होऊ दे, आखाडात काढू. मी आखाडात आलो. काढू का म्हनलं. म्हणले, दिवाळीमागं परत लग्नं हायेत, राहू दे. दुसऱ्या आखाडाला बी विचारलं. अल्ला कसम, दोन डाव विचारलं."

"आणि ही आत असताना घोडा दाखवत होते?" डॉक्टरांचा आवाज चढला. "ह्यानं माज पुरता थांबलेला नाही, पण गर्भ कसा धरेल? अडीच वर्षं? फुटली असती तर घोडी मेली असती."

मला आठवतं, मला रडू आलं नाही. मी हिशेब करत होते. गोटी माझ्या आठवीच्या हिवाळ्यातली. शब्द दिला तो त्याच्यानंतर. म्हणजे पागेच्या दारात उभं राहून "तुंगाला शिंगरू होऊ दे" असं ते म्हणाले तेव्हा ती गोटी आत होती. "हिची सावली पडती" म्हणाले तेव्हाही आत होती. हे त्यांना माहीत होतं आणि माझ्यासमोर बसून त्यांनी भाकरी खाल्ली होती.

डॉक्टर औषध लिहून देऊन गेले. पिशवी धुवावी लागेल, दोन-तीन महिने विश्रांती, पुढच्या मोसमात राहायला काही हरकत नाही, असं म्हणाले. गोटी अंगणातल्या बादलीत तशीच होती. आत्यानं ती राखेनं घासून धुतली, पुसली आणि पदराच्या टोकाला गाठ मारून ठेवली.

अप्पा दिवस मावळायच्या आधी आले. खाजाचाचांनी त्यांना मोंढ्यातच गाठून सांगितलं असावं, कारण ते आले तेच तयारीनं. हातपाय धुऊन पाटावर बसले आणि म्हणाले, "इसरलो मी. धंद्याच्या रगाड्यात ध्यानात न्हाई राहिलं. एवढं काय त्यात? आता निघाली न्हवं." मग पाणी पिऊन म्हणाले, "निलंग्याची मानसं परवा येनार हायेत. पुरन घाला."

अव्वानं ताट वाढलं होतं. तिनं ते वाकून उचललं, त्यातली भाकरी परत टोपल्यात ठेवली, भाजी पातेल्यात ओतली आणि रिकामं ताट भिंतीला टेकवून ठेवलं. हे तिनं आयुष्यात एकदाच केलं. अप्पांचा हात उठला, तेवढ्यात आत्या मध्ये आली.

"खाली बस," ती म्हणाली. "पोर नांदेडला जाईल."

"अक्का, तू ह्याच्यात पडू नको."

"उंद्या सोमवार हाय. मठात समदा मोंढा येतोय. मी पायरीवर बसते ही गोटी घिऊन. जो इचारंल त्याला सांगते, माझ्या भावानं घोडीच्या पोटात गोटी घातली आन् सोताच्या लेकीच्या माथी मारली. शालू इसरतील लोकं, गोटी न्हाई इसरायची."

"तुझं डोस्कं फिरलंय."

"फिरलंच हाय. आज दुपारी फिरलं." आत्याचा आवाज खाली आला. ती अप्पांशी बोलत होती, पण बघत होती चुलीकडं. "त्यानं माझ्यामागं आनखी दोन केल्या. तिघींतली एक बी व्यायली न्हाई. तिघींतली एक बी. तवा बी कुनी म्हनलं न्हाई, घोडा तपासा म्हनून. मी बी न्हाई म्हनलं. ईस वर्सं तुझ्या घरात वांझ म्हनून भाकरी खाल्ली, आन् त्या मुक्या जनावराला बी मीच वांझ म्हनलं. ही पोर तसली भाकरी खानार न्हाई. बोल, धाडतोस का जाऊ पायरीवर?"

 मला वाटलं, अप्पा तिला मारतील. त्यांनी मारलं नाही, कारण दुसऱ्या दिवशी सोमवार होता आणि आत्या बोलल्याप्रमाणं करणार हे त्यांना माहीत होतं. "घिऊन जा तिला," ते म्हणाले. "पन मी सोडायला येनार न्हाई."

मला नांदेडला आत्यानंच पोचवलं. मुलींच्या वसतिगृहाच्या फाटकाशी तिनं माझी ट्रंक खाली ठेवली, ती तिचीच देगलूरची ट्रंक होती, आणि परतीच्या गाडीला गेली. दिवाळीला मी निघणार तोच अप्पांचं पोस्टकार्ड आलं, यायची गरज नाही. मी मावशीकडं दिवाळी काढली. संक्रांतीला मात्र कुणाला न कळवता गाडीत बसले.

घरात शिरले तेव्हा चुलीपाशी अव्वा एकटीच होती. तिनं मला बघितलं आणि अंगणाकडं बोट केलं. मी मागं गेले. पागेचं दार उघडं होतं. आत तुंगा नव्हती. भिंती चुन्यानं पांढऱ्या केल्या होत्या, कोपऱ्यात तीन विटांची चूल, दोन पातेली, एक घोंगडी, आणि आत्या परातीत पीठ मळत बसली होती. मी नांदेडला गेल्यावर आठ दिवसांत अप्पांनी सांगितलं होतं की हिची चूल आता माझ्या घरात नको. जत्रेपर्यंत ती अंगणात उघड्यावर रांधत होती. मग माळेगावला अप्पांनी तुंगा विकली. औषधपाणी होऊन ती चांगली झाली होती, डॉक्टर स्वतः येऊन सांगून गेले होते. तरी अप्पांनी भर जत्रेत चार लोकांना ऐकू जाईल अशा आवाजात ती वांझ म्हणून सांगितली आणि वीटभट्टीवाल्याला देऊन टाकली. तिच्याकडून शिंगरू मिळण्यापेक्षा ती वांझ ठरणं त्यांना जास्त हवं होतं. पुढं तिचं काय झालं मला माहीत नाही. अप्पा गेले तेव्हा मी गेले होते, जे करायचं असतं ते सगळं केलं. माफ केलेलं नाही आणि या वयात करायचा विचारही नाही.

मी आत्याजवळ फरशीवर बसले आणि म्हणाले, मी परत येते, शिकणं बास झालं, माझ्यापायी तुझे हे हाल. मला खरंच तसं वाटत होतं. आत्यानं पीठ मळायचं थांबवलं नाही. "माजे कसले हाल?" ती म्हणाली. "लगीन झाल्यापास्नं मी कुनाच्या तरी चुलीम्होरंच निजत आले. ह्यो पयला उंबरा माजा हाय. आन् शिकल्याबिगर आलीस, तर ह्या उंबऱ्याच्या आत तुला घेनार न्हाई." तिनं तव्यावर भाकरी टाकली, ती फुगेपर्यंत वाट बघितली आणि माझ्या हातावर ठेवली. मला ती दारात बसून खायला लावली. दुसऱ्या दिवशी सकाळच्या पहिल्या गाडीनं तिनं मला नांदेडला परत पाठवलं.